दारातला पूल

राजूर,
८ जून २०२५

चि. कानिफनाथ यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून कागद हातात घेतला. रुपालीला सातवा लागतोय. मागच्या वेळचं सहाव्यात गेलं, तेव्हापासून तुझी लेक हसायची विसरली आहे. डॉक्टरांनी चढ-उतार नको, वाकणं नको, नुसतं पडून राहा म्हणून बजावलंय. पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट सदा बंद, म्हणून ती बाळंतपणाला राहात्याला तुझ्याकडे येणार.

रुपालीची आई सत्यशीला असती तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण ती गेल्यापासून मोरी-संडासाला लागून असलेल्या एकुलत्या एका खोलीत तू खेळण्यातली आगगाडी मांडून बसला आहेस. खाट कुठे टाकणार ते स्पष्ट कळव. भाताची आवणी उरकली की मी येतेच.

माया आहेच, पण उत्तराला उशीर करू नकोस.
तुझी अक्का, छबूबाई

राहाता,
१५ जून २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. रुपाली योग्य वेळी येते आहे. जन्मभर ज्या मार्गावर इंजिन चालवलं, तो सगळा मार्ग आता कमरेएवढ्या उंचीवर तयार होतोय. रूळ खोलीच्या चारी भिंतींना धरून फिरतात आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून ओसरीत माझ्या खुर्चीपुढे येऊन परत आत जातात. ऊस म्हणून झाडूच्या काड्या हिरव्या रंगवून लावल्यात. कारखान्याची चिमणी अगरबत्तीच्या पुठ्ठ्याची आहे. गोदावरीवरचा पूल दारातून जातो. त्याच्या कमानींनी माझे सहा महिने खाल्ले.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं सांगावंसं वाटतं.
तुझा कानिफनाथ

राजूर,
२१ जून २०२५

चि. कानिफनाथ यास,
अ. आ.

मी खाटेचं विचारलं, तू कमानींचं लिहिलंस. भिंतीला भोक पाडलंस हे वाचून तर कपाळाला हात लावला. कमरेएवढा पूल दारात असेल तर पोटुशी पोर आत-बाहेर जाणार कशी? पुलाखालून वाकून? मला गोड बोलून गुंडाळू नकोस.

रागात लिहिलं तरी आशीर्वाद कमी केलेले नाहीत.
अक्का

राहाता,
१३ जुलै २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रुपाली सुखरूप पोचली. खाट खोलीतच आहे, उशी भिंतीला लागून. पूल उचलून बाजूला ठेवता येईल असाच केला होता, तसा उचलूनच तिला आत घेतलं आणि तपासणीलाही नेऊन आणलं. ती दिवसभर पडून गाडी बघते. परवा एकदा हसली. मी ओसरीत बसून गाडी सोडतो. ठरल्या वेळेला ती भोकातून बाहेर आली नाही, तर मला खुर्चीत बसवत नाही. नोकरीची खोड आहे, जायची नाही.

एकच झालं. पुलाच्या सांध्यावर इंजिन घसरून खाली पडलं आणि रुपाली पांढरीफटक पडली. हा अपशकुन आहे म्हणून रडत बसली. मला ते बघवेना. सांध्यात पुट्टी भरून, तो चिकटवून पक्का केला. आता गाडी लोण्यासारखी जाते. पुढच्या तपासणीच्या आधी सोडवीन. तोवर तिला बाहेर पडायचं कारण नाही. शेजारच्या इमामबी जेवण घेऊन येतात तेवढ्या वाकून येतात.

मोठेपणाने रागावलीस तरी सोसेन, एवढा हक्क ठेव.
कानिफनाथ

राजूर,
१९ जुलै २०२५

कानिफनाथा,

नमस्कार-आशीर्वाद नंतर. तो पूल आजच्या आज सोडव. तुला हाक ऐकू येत नाही आणि पोरीला खोलीत कोंडलंस. माझ्या जिवाला घोर लागलाय. आवणी राहिली तरी चालेल, मी परवाच्या गाडीने निघते.

अक्का

राहाता, दवाखाना
२० जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहिते. इमामबींचा तौफिक हे पत्र शिर्डीहून अकोले-राजूरला जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती देणार आहे.

काल दुपारी अचानक रक्त जायला लागलं. अण्णा ओसरीत होते. मी हाका मारल्या, पण तुला माहीतच आहे. मोबाईल समोरच्या खिडकीत चार्जिंगला होता आणि मला उठायची हिंमत होईना. तेवढ्यात गाडी उशाशी आली. मी हात घालून इंजिन उचललं आणि छातीशी धरून ठेवलं. त्याची चाकं थोडा वेळ हातात फिरत होती. गाडी बाहेर आली नाही म्हणून अण्णा उठून आले.

त्यांनी इमामबींना आणि त्यांच्या तौफिकला बोलावलं. मला खुर्चीत बसवून उचललं, तर दारात पूल. अण्णा तो उपसू लागले आणि एकदम थांबले. मग त्यांनी खांदा लावून तो मोडला. कमानी, खांब, ऊस, सगळं माझ्या पायांवर पडलं. पोरगी लई धीराची हाय, असं इमामबी सारखं म्हणत होत्या. मी धीराची नव्हते गं आत्या, मी घाबरले होते.

मुलगा झाला आहे. काचेच्या पेटीत ठेवलाय. डॉक्टर अजून नक्की काही सांगत नाहीत. हे पुण्याहून पोचले. अण्णा बाकावर बसून आहेत, हातात पुलाच्या कपच्या घुसल्या आहेत त्या काढू देत नाहीत. मला त्यांचा फार राग आला आहे. आणि ते उठून आले म्हणून मी आहे, हेही कळतं. तू लवकर ये.

तुझ्या पदराखाली असू दे.
रुपाली

राहाता,
२८ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर मोठं वाटतं. बाळाचं वजन आता भरत चाललंय. तू जे जे मला बोललीस, ते सगळं मला लागू होतं. ऐकू आलं नाही असं मी सोंग केलं, पण आलं होतं.

इंजिन, डबे सगळं मी पोत्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. पुन्हा हात लावणार नव्हतो. गेल्या आठवड्यात रुपालीनेच पोतं उतरवायला लावलं. पूल बिजागऱ्यांचा हवा, आणि एका हाताने उघडला पाहिजे, ही तिची अट. मी बाळाला घेऊन उभा राहिलो, तिने बोटाने पूल वर केला, खाली केला, परत वर केला, तेव्हा कुठे मान हलवली. कमानी या वेळी साध्याच केल्या.

मला बाळाचं रडणं ऐकू येत नाही याचं फार वाईट वाटायचं. ते तोंड उघडतं, लाल होतं, तेवढं दिसतं. रुपालीच्या ते लक्षात आलं असावं. आता बाळ रडायला लागलं की ती उशाशी आलेलं इंजिन उचलून धरते. मी ओसरीत वाट बघतो, गाडी येत नाही, आणि मला कळतं.

लोभ आहे तो नातवापर्यंत पोचू दे. आणखीही लिहिणार होतो, पण आत्ता गाडी आलेली नाही. उठतो.

तुझा कानिफनाथ