माझ्या डाव्या पायाबद्दल

प्रिय वहिनी,

खरं तर ‘प्रिय ढांग’ लिहिणार होते. दादाशी तुझं लग्न होण्याआधीपासून, तू लांब ढांगा टाकत धावायचीस म्हणून, मैदानावर तुला तेच म्हणायचे. पण सध्या तुझ्यावर राग आहे, म्हणून वहिनी. तू टीव्हीच्या कामासाठी बाहेरगावी आहेस, तिथून केलेले तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत. बोलायला लागलो की भांडण होतं आणि भांडणात नेहमी तूच जिंकतेस.

त्या रविवारी टीव्हीवर तू यंदाच्या शर्यतींच्या मोसमाचा अंदाज सांगत होतीस, तेव्हा आम्ही आईच्या खोलीत पलंगावर दाटीवाटीने बसलो होतो. घरातलं माणूस पडद्यावर दिसणार म्हणून आईने जेवणंसुद्धा लवकर उरकली होती. त्या उंच मुलीबद्दल तू म्हणालीस, सुरुवातीलाच फार शर्यती धावते, ऐन वेळी दमणार. पटलं. त्या एकोणीस वर्षांच्या पोरीबद्दल म्हणालीस, शेवटच्या फेरीत तिला गाठणारं सध्या कोणी नाही. तेही पटलं. मग माझा फोटो आला. दुखापतीनंतर डावा पाय चोरते, वय चौतीस, दहा हजार मीटरला आता तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये, मानाने थांबावं. दादाने पटकन आवाज कमी केला. आई म्हणाली, वाढव, ऐकू दे तिला. दादा उगाच पंख्याकडे बघत बसला. बिचारा, एकीकडे बायको आणि दुसरीकडे बहीण.

दुसऱ्याच दिवशी कोचनी ऑफिसात बोलावलं. चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं, कारण इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी चहा पाजला नव्हता. म्हणाले, ज्युनियर मुलींना शिकव, पगार बरा आहे. मी म्हटलं, मला धावायचंय. म्हणाले, मग दुसरा कोच बघ. चहा तसाच ठेवून उठले.

पुढचे काही दिवस नुसत्या रागाने धावले. तुला खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात. दादाला शपथ घालून सायकलवर मागे यायला लावलं, मोबाईलवर शूटिंग करायला. त्यात त्याच्या धापाच जास्त ऐकू येतात, पण पाय दिसतो. डावा पाय टेकतो आणि लगेच उचलला जातो, तापलेल्या तव्यावर पडल्यासारखा. टाच केव्हाच बरी झालीय, डॉक्टरही तेच सांगतात. टाच बरी झाली, भीती राहिली. हे कोचना दिसलं नाही, मलाही नाही. तुला दिसलं. दिसणारच. कितीतरी वर्षं तू माझ्या मागे चिकटून धावायचीस आणि शेवटच्या वळणावर निघून जायचीस.

मग चढाच्या रस्त्यावर धावायला लागले, डावा पाय मुद्दाम रेटून. रडले, शिव्या घातल्या, त्यातल्या बऱ्याचशा तुला. आणि काल शेजारच्या शहरातली रस्त्यावरची शर्यत धावले. ती पोर पहिली आली, तुझा अंदाज खरा. मी चौथी. पण शेवटच्या चढावर त्या उंच मुलीला मागे टाकलं, ते डाव्या पायाच्या जोरावर. नंतर पोर जवळ येऊन म्हणाली, ताई, मला वाटलं तुम्ही सोडलंत. मी म्हटलं, मलाही ते टीव्हीवरूनच कळलं.

आता मुद्द्याचं. तू पाहिलंस ते खरं होतं. त्यावरून जो निकाल दिलास, तो मला मान्य नाही. तुझा गुडघा गेल्यापासून तू मैदानात पाऊल ठेवलं नाहीस. दादा म्हणतो, तो विषय काढू नकोस. काढतेय. इतकी नजर असलेलं माणूस काचेच्या खोलीत बसून आम्हाला निकालात काढतंय, हे मला बघवत नाही. मला कोच नाही. तू हो. माफी नको, कीव तर मुळीच नको, आणि बोललेलं मागेही घेऊ नकोस. ते मागे घ्यायला लावणं माझं काम. नाही म्हणालीस तरी मी धावणारच आहे, एकटी. पण येणार असलीस तर सोमवारी सकाळी मैदानाच्या मागच्या फाटकाशी ये. उभं राहवत नसेल तर मी खुर्ची आणून ठेवते. बसून ओरड.

तुझीच,
न थांबलेली नणंद