निंबोबाचा ओटा

परभणी,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. विमलास,
अनेक आशीर्वाद. फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू घाईत बोलतेस, म्हणून हे पत्र.

आमच्या गल्लीचा रस्ता रुंद होणार आहे. कडेचे कडुलिंब एकेक करून पाडले. आमच्या खिडकीसमोरचा तेवढा राहिलाय, त्यावरही लाल रंगाने आकडा टाकून गेलेत. अर्धांगवायूने पडल्यापासून तुझी वहिनी दिवसभर त्याच्याकडेच बघत असते. कोणती साळुंकी कुणाशी भांडली ते मला जेवताना सांगते. लिंब गेला तर त्या खाटेवरून तिला दिसणार काय? मी अर्जावर अर्ज दिले. साहेब अदबीने चहा पाजतात आणि अर्ज ठेवून घेतात.

तुला काही सुचलं तर कळव. घरात सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
अनंतदादा

पूर्णा,
२० फेब्रुवारी २०२४

ती. दादांस,
विमलाचा शि. सा. न. वि. वि. तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण आपल्या माणसांचं शास्त्र काही तुम्हाला आलं नाही. अर्ज कसले करता? एक गोटा आणा, तेलात कालवलेला शेंदूर फासा, लिंबाच्या बुंध्याशी ठेवा, दोन फुलं वाहा. मग बघू कोण करवत लावतो ते. आमच्या कॉलनीमागची चिंचही पाडायची भाषा चाललीय. तिथे मी हेच करणार आहे.

तुमचं मुरडलेलं नाक मला इथून दिसतंय. देवासाठी नको, वहिनीसाठी ठेवा. आगाऊपणाचा राग नसावा, धाकटीवर माया असू द्यावी.

आपली,
विमला

परभणी,
१५ जुलै २०२४

चि. सौ. विमलास,
अनेक आशीर्वाद. तुझा गोटा पावला. झाडं पाडणारा बजरंग करवत घेऊन आला आणि चपला काढून हात जोडून उभाच राहिला. मला म्हणाला, "गुरुजी, ह्यो देव लय कडक दिसायलाय. आमी न्हाई हात लावत."

लोकांनी नावही ठेवलं, निंबोबा. शनिवारी तेल वाहायला रांग लागते. हे ऐकून तुझी वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. शेजारचे दत्तराव ओटा बांधायचा म्हणतात. मीही हो म्हटलं. येणारे-जाणारे सावलीत घटकाभर टेकतील.

यंदा दिवाळीला ये. तुझ्या हुशारीचं कौतुक तोंडावर करायचंय.

तुझा,
दादा

परभणी,
८ मे २०२५

चि. सौ. विमलास,
आशीर्वाद. लिहायचा धीर होत नव्हता.

ओटा बुंध्याला चिकटवून बांधला, वर गुळगुळीत फरशी. मुळांशी पाणी जायला जागा राहिली नाही. त्यात तेल आणि बुंध्यालगत दिवे. पाडव्याला गावभरचे लिंब कोवळ्या पानांनी भरले होते, आमचा उघडाच. गुढीची डहाळी बाजारातून आणावी लागली.

बुंध्याभोवतीची हातभर फरशी काढा, म्हणून मी दत्तरावांना विनवलं. देवाच्या ओट्याला हातोडा लावायचा नाही, म्हणाले. शेवटी चारचौघांत सांगून टाकलं की तो गोटा मीच आणून ठेवला, तो देवबिव नाही. कुणी रागावलंसुद्धा नाही. दत्तरावांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "गुरुजी, देवानं तुमच्या हातून बसवून घेतलं. तुमचं नशीब हाय."

वाळकी फांदी भक्तांवर पडायची, म्हणून गेल्या आठवड्यात लिंब पाडला. बजरंगनेच, नारळ फोडून. तिथे आता पत्र्याचं शेड आहे. रस्ताही रुंद झाला, देवाला वळसा घालून गेला. दुपारी पत्र्याची चकाकी थेट तुझ्या वहिनीच्या डोळ्यांवर येते. तिने खिडकी लावून घ्यायला सांगितली. मी लावली.

चिंचेपाशी गोटा ठेवला असशील तर उचलून टाक.

दादा

पूर्णा,
१७ मे २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं त्याच दुपारी पिशवी घेऊन चिंचेकडे गेले. माझ्या गोट्याला कुणीतरी चांदीचे डोळे बसवलेत. समोर आमच्याकडे धुणं-भांडी करणारी सुलाबाई तापाने फणफणलेला नातू मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "बाई, आता तुमच्या ह्या देवाबिगर कोनी न्हाई."

मी तिला दवाखान्यात चल म्हटलं. तिथूनच आले, म्हणाली. मग तिने अंगारा पुढे केला. दादा, मी तो लेकराच्या कपाळाला लावला आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले.

फरशीचे खोके चिंचेखाली येऊन पडलेत. पहिला नारळ मीच फोडायचा, असं सगळ्यांनी ठरवलंय.

वहिनींना नमस्कार. लोभ राहू द्यावा, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. वहिनींचा माझ्यावर कसा राहावा, ते मात्र मला कळत नाही.

आपली,
विमला