यंदा ग्वाल्हेर नाही

५ ऑक्टोबर १९५३, सोमवार

पाय आहे! शुद्धीवर आल्याबरोबर चादर उचलून आधी तेच पाहिलं. दोन्ही आहेत. उजवा पट्ट्यांत गुंडाळून उशीएवढा जाड झालाय, पण माझाच. ईथरचा वास नाकातून जात नाही. दोनदा ओकलो. पेन्सिल धरवत नाही — बाकी उद्या.

७ ऑक्टोबर

उद्याचा परवा झाला. डॉक्टरांनी आज बाटली आणून दाखवली. गुडघ्यातली फाटलेली गादी — खोबऱ्याच्या कातळीएवढा पांढरा तुकडा. "बाबूजी, यही बदमाश था. अब नहीं अटकेगा." एवढ्याशा तुकड्यानं दीड महिना मला जिन्यात, मोरीत, भर बाजारात जागच्या जागी खिळवून ठेवलं होतं.

ओढवून घेतलं ते मीच. पंधरा ऑगस्टला कचेरीच्या आवारात हुतुतू. आवक-जावक विभागातले तिशीच्या आतले विरुद्ध तिशी ओलांडलेले. वय अडतीस, पोट पुढे, आणि तरी चढाईला आधी कोण, तर रघुवीरराव! आमच्याच विभागातल्या लक्ष्मीकांतनं माझं पाऊल धरलं. पोरगा सव्वीस वर्षांचा, पकड चांगली. मी गिरकी घेऊन सुटायला गेलो आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. मग सहा आठवडे तालमीतल्या पहिलवानाचं तेल. त्या तेलानं गुडघा सोडून बाकी सगळं मऊ झालं.

१० ऑक्टोबर

संध्याकाळी लक्ष्मीकांत आला. स्टुलावर बसून पायाकडे पाहत राहिला. म्हणाला, "भिया, तुम्ही फिकर नका करू. तुमच्याऐवजी मी जातो ग्वाल्हेरला. साहेबांशी बात झाली आहे."

या मध्य भारताला दोन राजधान्या. उन्हाळ्यात इंदूर, थंडीत ग्वाल्हेर. दिवाळी झाली की फायली पेट्यांत भरून निघतात आणि फायलींमागून आम्ही. पाच हिवाळे झाले माझे. लक्ष्मीकांतचं नाव यंदा पहिल्यांदाच इंदुरात मागे राहणाऱ्यांच्या यादीत होतं, कारण त्याच्या बायकोला, सुमेधाला, दिवस गेलेत. जानेवारीअखेर बाळंत होईल. माहेर नाही तिला. घरात एकटे म्हातारे सासरे.

मी म्हणालो, "अरे नको, तुझी बायको—" तो म्हणाला, "बाबूजी आहेत, दाई शेजारीच राहते. माझ्यामुळे तुमचा पाय गेला, एवढं तर करू द्या."

मी पुन्हा नको म्हणालो नाही. एकदाच म्हणालो. आणि खरं म्हणजे त्यानं ओढलंच नव्हतं, नुसतं धरलं होतं. बघणाऱ्यांनी वाहवा करावी म्हणून गिरकी मीच घेतली. तेही त्याला सांगितलं नाही. तो गेल्यावर उशीवर डोकं टेकलं आणि इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

यंदा ग्वाल्हेर नाही!

२० ऑक्टोबर

घरी आलो. दसरा इस्पितळातच गेला. टाके निघाले. टांग्यातून उतरताना दोघांनी धरलं तरी ब्रह्मांड आठवलं. गुडघा इतकुसाही वाकत नाही, आणि आपल्या घरात न वाकता काही करता येतं का? जेवायला पाट, झोपायला गादी, आणि संडासाला तर विचारूच नका.

अंबिकेनं आधीच सोय करून ठेवली आहे. घरात एकच चांगली खुर्ची, तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली, वेताची. सुतार बोलावून तिनं तिला मधोमध भोक पाडून घेतलं आणि संडासात नेऊन ठेवली. "अगं, वडिलांची आठवण ती!" म्हणालो तर म्हणे, "असू द्या. त्यांनी जावयाला बसायलाच दिली होती ना?"

१२ नोव्हेंबर, गुरुवार

फायली आज गेल्या. लक्ष्मीकांत निरोप घ्यायला आला, मफलर आतापासूनच गळ्यात. मी खाटेवर पाय लांब करून बसलेला. दरवर्षी या दिवशी माझा बिस्तरा दारात असतो आणि अंबिका तोंड फिरवून डबा भरत असते. आज ती चकल्या तळून राहिली होती. तळता तळता तिनं सहज विचारलं, "ग्वाल्हेरला लष्कर भागात खोल्या मिळतात का हो भाड्यानं?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय? आम्ही चौघे बाबू एका खोलीत राहतो, स्टोव्हवर पिठलं करतो. बायकामुलं नेण्याची पद्धतच नाही तिथे." ती बरं म्हणाली आणि चकली उलटली.

२५ नोव्हेंबर

थंडी पडली. लीला सकाळी लाल स्वेटर घालून अंगणात आली आणि मी पाहतच राहिलो. पोर पाच वर्षांची झाली, आणि तिला स्वेटर घातलेली मी आज पहिल्यांदा पाहिली! कोपरं विरलीत त्याची. म्हणजे निदान दोन हिवाळे जुना असणार. मला पत्ताच नाही.

दुपारी शेजारची शशिकला खेळायला आली. लीलानं तिला सांगितलं, "माझे बाबा ग्वाल्हेरला असतात." शशिकलानं माझ्याकडे बोट केलं, "मग हे?" लीलानं जरा विचार केला. म्हणाली, "यांचा गुडघा दुखतो."

हसलो. पण मग पुस्तकात लक्ष लागेना.

६ डिसेंबर

डॉक्टरांनी दिलेली कसरत: खाटेच्या काठावर बसायचं, पावलाला दोन शेर वाळूची पिशवी बांधायची, पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, खाली. असं शंभरदा. पिशवी अंबिकेनं माझ्या जुन्या पायजम्याच्या पायाची शिवली. मोजणी लीलाकडे. तिला विसापर्यंत येतात. वीस झाले की पुन्हा एक. मग हिशेब चुकतो आणि माझे दीडशे होतात. तक्रार करत नाही. आज ती पिशवीवर स्वतःच बसली आणि म्हणाली, "आता उचला बाबा."

बाबा म्हणाली.

२० डिसेंबर, रविवार

आज एक गोष्ट झाली. कोणाला सांगितलेली नाही.

अंबिका लीलाला घेऊन देवळात गेली होती. लीलाची गोटी खाटेखाली दिसली म्हणून काठीनं ओढायला गेलो, निघेना. सहज खाली बसलो. उकिडवा! बसल्यावर लक्षात आलं की मी बसलोय. मग जमिनीवर मांडी घालून पाहिली. बसली! थोडं ओढल्यासारखं झालं, बस्स. उठलो, पुन्हा बसलो. खोलीत एकटाच उठाबशा काढत होतो. डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांनी स्वतःच्या घरात जमिनीवर बसलो मी.

दारात पावलं वाजली आणि मी खाटेवर जाऊन पडलो. काठी जवळ ओढून घेतली. का? माहीत आहे का ते. पाय बरा म्हणजे दाखला. दाखला पोचला की ग्वाल्हेर.

२३ डिसेंबर

इस्पितळ. डॉक्टरांनी गुडघा वाकवला. अर्ध्यावर आल्यावर मी "आई गं" म्हणालो. नाटकात काम केलं नाही कधी, पण बरं जमलं. ते जरा बुचकळ्यात पडले. "अजीब बात है. चलिए, चार हफ्ते और." घरी येताना टांग्यात शीळ वाजवत होतो, मग आठवलं आणि कण्हायला लागलो.

३ जानेवारी १९५४

लीलाला एकोणसाठपर्यंत येतात. साठावर अडते.

संडासात खुर्ची बाजूला सरकवून खालीच बसतो आता. बाहेर येताना काठी आपटत येतो.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. दुपारी सुमेधा आली. स्नेहलतागंजहून टांग्यानं, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. पायऱ्या चढताना भिंत धरत होती. पाय सुजलेले, चपलेचे अंगठे रुतलेले. मी लगबगीनं उठायला गेलो, मग आठवण झाली आणि काठी शोधली.

"बसा, बसा ना तुम्ही," ती म्हणाली. "पाय कसा आहे? ह्यांच्या प्रत्येक चिठ्ठीत पहिलं तेच असतं. मी देवीला बोलले आहे, रघुवीरभियांचा पाय बिलकुल ठीक झाला की ओटी भरीन." मग म्हणाली, "दाईची बहीण वारली, ती गावी गेली आहे. बाबूजींना रात्रीचं दिसत नाही. पण होऊन जाईल सगळं."

मी तीळगूळ हातात घेतला. गोड बोला म्हणाली. अंबिका तिला टांग्यापर्यंत सोडून आली. आल्यावर आधी माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे, आणि आत गेली. उरलेला दिवस जेवणापुरतं बोलली.

१६ जानेवारी

लक्ष्मीकांतची चिठ्ठी. "भिया, इथे कडाक्याची थंडी आहे, शाई गोठून राहिली आहे. तुम्ही जल्दी करू नका. पाय पक्का होऊ द्या. मला रोज तो कट्‌ असा आवाज आठवतो." तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचवेना.

मी लबाड माणूस आहे. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय? एका पोरीला शंभरापर्यंत मोजताना ऐकायचं म्हणून दुसऱ्याचं पोर बाप घरात नसताना जन्माला घालणार होतो. आणि लीला? ती विचारेल कधी ना कधी, बाबा तुम्ही तेव्हा का गेला नाहीत? तेव्हा काय, गुडघा दाखवू?

१८ जानेवारी, सोमवार

चार आठवडे पुरे व्हायच्या आधीच गेलो. काठी घरीच ठेवली. डॉक्टरांच्या समोर, त्यांच्या टेबलापाशी, जमिनीवर मांडी घालून बसलो. ते चष्मा काढून बघत राहिले. मी सांगितलं, "साहेब, महिना झाला. मैंने झूठ बोला था." रागावतील वाटलं होतं. हसले. "बाबूजी, मुझे मालूम था. घुटना झूठ नहीं बोलता. सोचा, कोई मजबूरी होगी." फिट असल्याचा दाखला लिहून दिला. तिथूनच ग्वाल्हेरला तार केली, साहेबांना एक आणि लक्ष्मीकांतला एक. लक्ष्मीकांतच्या तारेत लिहिलं की गिरकी माझी होती. तारवाल्यानं दोनदा विचारलं, "गिरकी? क्या गिरकी?"

घरी येऊन अंबिकेला सांगायला तोंड उघडलं. शब्द जुळवत होतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खुर्चीवर कोळ्यानं जाळं केलं आहे."

"कोणत्या खुर्चीवर?"

"भोकाच्या. पंधरा दिवस झाले. दोन्ही हातांमध्ये केलं आहे, चांगलं मोठं. मी झाडत नाही मुद्दाम."

म्हणजे हिला सगळं माहीत! मी काठी आपटत फिरतोय आणि ही जाळं बघतेय! विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही गेला असता." थोड्या वेळानं, "पण सुमेधा येऊन गेली त्या दिवसापासून वाट पाहत होते, की आता तरी उठता का. आज काठी कोपऱ्यात दिसली, तेव्हा बरं वाटलं मला."

छातीवरची वाळूची पिशवी कोणी सोडावी तसं झालं. रडू येईल असं वाटलं, म्हणून भाजी निवडू लागलो. शेजारी, जमिनीवर, मांडी घालून.

२० जानेवारी

साहेबांची उलट तार. मी शनिवारी हजर व्हायचं, त्याच दिवशी लक्ष्मीकांत सुटणार. स्नेहलतागंजला चालत जाऊन सुमेधाला सांगून आलो — चालत! तिनं पदर डोळ्यांना लावला. परत येताना कृष्णपुऱ्याच्या पुलावर थांबलो जरा. पाय दुखला नाही. बाकी जे दुखायचं ते दुखलं. लीला आज नव्व्याण्णवावर थांबली आणि झोपली.

२२ जानेवारी, शुक्रवार

टांगा दारात आहे. घाईत लिहितोय.

दारात दोन बिस्तरे बांधलेले. म्हणालो, दुसरा कोणाचा? अंबिका म्हणाली, "आमचा. पाच वर्षं वाट पाहिली, तुम्ही चला म्हणाल म्हणून. तुम्ही एकदाही विचारलं नाही. म्हणून मीच माझ्या मामेभावाला लिहिलं, लष्करात खोली पाहून ठेवली आहे त्यानं."

लीला लाल स्वेटर घालून टांग्यात बसली आहे. शंभर म्हणून ओरडतेय.