तडा हाताचा नव्हता

प्रिय दादा,

एकेचाळीस! दातांच्या सलग एकेचाळीस कॅप भट्टीतून निघाल्या आणि एकीलाही तडा नाही. नाचायचीच बाकी राहिले आहे मी. आपल्या लॅबच्या मालकांच्या तोंडून ‘बरं आहे’ निघायला वर्ष लागतं, त्यांनी एकेक कॅप दिव्यासमोर धरून पाहिली आणि चक्क ‘छान’ म्हणाले.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त आईच कुरकुरते. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर मला अगदी बरोबर होतो, फक्त श्वास घ्यायचा नाही. तिने तुझंही कळवलंय बरं का. म्हणे, चष्म्याच्या दुकानातल्या नव्या नोकरीत साधा स्क्रू बसवलास तरी शेजारच्याला दोनदा विचारतोस, नीट बसला ना?

तू लॅब सोडलीस त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. मालकांनी सगळ्यांसमोर सुनावलं, की तुझा हात जड झालाय, पोर्सिलेनच्या पावडरीचे थर नीट बसत नाहीत, म्हणून कॅप तडकतात. अठरा वर्षं ज्या हाताने असे दात घडवले, की डॉक्टरांनाही खरा कुठला ते पटकन सांगता येऊ नये! ब्रश धुतलेस, पुसलेस आणि निघालास. आणि मी, तुझी सख्खी बहीण, भट्टीपाशी मान खाली घालून चिमटा पुसत बसले. मलाही वाटलं होतं, खरंच तुझा हात जड झाला असेल. लिहितानाही लाज वाटते.

मग तुझ्या जागी नवा कारागीर आला. हात चांगला, गप्पा त्याहून चांगल्या, पण तडे काही थांबेनात. गेल्या महिन्यात एका गाणाऱ्या बाईंच्या पुढच्या सहा दातांचं काम आलं. तीनदा भाजलं, तिन्ही वेळा केसाएवढी रेघ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हात तर बदलला, मग बदललं नाही ते काय? भट्टीवर कोण असतं? मीच की!

माझी सवय तुला ठाऊक आहे. भट्टी वाजली की दार सताड उघडायचं आणि तापलेली कॅप तशीच खिडकीत न्यायची, उजेडात रंग बघायला. कॅपच्या आत धातू असायचा तोवर ते खपून गेलं, कारण धातू चटकन गार होतो. पण आता आत पांढरा झिर्कोनिया असतो आणि तो ऊब धरून बसतो. वरचा थर वाऱ्याने गार, आतलं अजून तापलेलं, मग दोघांची ओढाताण आणि तडा. सामान बदललं, मी बदलले नाही.

खात्री करायला नव्या कारागिराकडून एकाच पावडरीच्या दोन कॅप करून घेतल्या. एक भाजून नेहमीसारखी खिडकीत नेली. दुसरी भाजली ती भट्टीतच ठेवली. तापमानाचा आकडा पाचशेच्या खाली येईपर्यंत दार बंद, मग बोटभर फट, मग अर्धं, मग पूर्ण. तेवढा वेळ हात मांडीखाली दाबून बसले होते मी! खिडकीतली तडकली, भट्टीतली अखंड. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाईंचे सहाही दात असेच भाजले. परवा ते बसवून त्या मुद्दाम लॅबमध्ये आल्या आणि दारात उभं राहून अशी तान घेतली, की मला रडूच फुटलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल सगळ्यांना गोळा करून मी सांगितलं, की तडे दादाच्या हाताचे नव्हते, माझ्या घाईचे होते. मालक म्हणाले, चूक माझीही आहे, न बघता बोललो, आत्ता त्याची माफी मागतो. लगेच फोनही उचलला. मीच थांबवलं त्यांना, म्हटलं, आधी माझं पत्र पोचू दे. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. फोनवर मी रडले असते आणि तू ‘जाऊ दे गं’ म्हणून विषय संपवला असतास. हे जाऊ द्यायचं नाहीये, दादा. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं. मला माफ कर. शनिवारी मालकांचा फोन येईल, ते तुला परत बोलावणार आहेत. ‘बघतो’ म्हणू नकोस. ‘येतो’ म्हण.

तुझीच आगाऊ,
धाकटी