मापाची दोरी

ता. २ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तोंडी निरोप तू कानाआड करतोस, म्हणून हे लेखी. नावेच्या मधोमध फुगवटा आला आहे आणि तुझा मुलगा तो ठोकूनठाकून बसवतो आहे. महिनाअखेरीस नाव पाण्यात जाईल. पहिल्या फेरीला नावेच्या मालकाची दोन्ही मुलं आणि तुझा मुलगा तिच्यात असतील. कामाचं एवढंच, पुढचं रागाने लिहिते आहे.

अर्धी नाव उभी असताना तू मापाची दोरी खिशात घातलीस आणि शहरात लेकीकडे जाऊन बसलास. कारण काय, तर मुलाने दोरवाल्याच्या मुलीला दोरीवरच्या गाठींतली मापं वाचायला शिकवली. दुसऱ्या वस्तीतली, त्यात मुलगी! आपल्या घरची विद्या चव्हाट्यावर आणली म्हणून तू ओरडलास, तेव्हा अख्खा किनारा ऐकत होता.

आपल्या घरची? आजोबा काय सांगायचे ते आठव. आपण डोंगरापलीकडून आलो तेव्हा आपल्याला गाडीची चाकं करता येत होती, नाव नाही. पहिल्या गाठी बांधून दाखवल्या त्या समुद्रापलीकडून आलेल्या नावाड्याने. आजचा मालक त्याच्याच घराण्यातला. दोरी वळली दोरवाल्यांनी. शिडाचं कापड विणकरांच्या आळीतून येतं, लाकडाला तेल तेल्यांच्या घाण्यावरून. या वस्त्यांचे देव वेगळे, जेवणं वेगळी, आपसात सोयरिकी नाहीत. पण सगळ्यांचा हात लागल्याशिवाय इथे एकही नाव तरंगलेली नाही. त्यात तुझी एकट्याची विद्या कुठली, ते जन्मभर शाळा चालवलेल्या तुझ्या या अक्काला समजावून सांग.

तू दोरी नेण्याआधी तुझ्या मुलाने आणि त्या मुलीने तिच्यावरून नायलॉनच्या दोरीवर गाठ न् गाठ उतरवून घेतली होती. मी स्वतः दोन्ही शेजारी धरून पाहिल्या, तंतोतंत होत्या. मागची अर्धी नाव त्या नायलॉनवर झाली. मग फुगवटा आला कुठून? माझा जीव थाऱ्यावर नाही.

गुडघ्याचं तेल विसरून गेला होतास, ते बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते. लोभ आहेच, तो राहू दे. राग तेवढा आवर.

तुझी अक्का


ता. ५ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तेल पोचलं. तुझं पत्र वाचून जावई म्हणाला, हेडबाईंनी छडी टपालाने पाठवली. लेक हसली, मी नाही हसलो.

फुगवटा रंधा मारला की जातो. नवशिक्याच्या हातून व्हायचंच. आणि नायलॉनवर नाव बांधणाऱ्याने अडचण आली तर नायलॉनलाच विचारावं. बापाची गरज नाही असं त्यानेच सांगितलं, चारचौघांत. मी येणार नाही.

तू ओटा चढताना जपून. माया आटू देऊ नकोस, छडी चालेल.

तुझा भाऊ


ता. ९ फेब्रुवारी

चि. भाऊस आशीर्वाद, आज थोडकेच.

रंध्याने काही झालं नाही. फळ्या दाबून खिळ्यांनी जखडल्या आहेत. काल नावेत पाणी भरून पाहिलं, तर मधल्या सांध्यातून ठिबकायला लागलं. तुझ्या मुलाने कापूस कोंबला आणि मी बघते आहे हे कळल्यावर माझी नजर चुकवली. मालकाला सांग म्हटलं, तर म्हणतो बाबांच्या कानावर जाईल. बुडेल, पण कबूल करणार नाही. अगदी तुझ्यावर गेला आहे.

दोरवाल्याची मुलगी आज घरी आली होती. तिचं एकच विचारणं, की काका जुनी दोरी रोज सकाळी, कोणी यायच्या आत, बादलीत का बुडवून ठेवायचे? मी म्हटलं, धुवायला. तिला पटलं नाही. आता मलाही पटत नाही.

का ठेवायचास, भाऊ? ड्रायव्हर उलट पावली निघतो, त्याच्या हाती उत्तर दे. मग हवा तेवढा रुसून बस.

अक्का


ता. १० फेब्रुवारी

ती. अक्कास नमस्कार.

नाव थांबव. मालकाला माझं नाव घेऊन सांग.

सुती दोरी भिजली की आखडते. आपली सगळी मापं ओल्या दोरीची आहेत. वडिलांनी मला सांगितलं होतं, आणि मुलाला सांग म्हणून बजावलंही होतं. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. पोरगा माझ्यापेक्षा सफाईने रंधा मारायला लागला, तेव्हा वाटलं, एवढं तरी आपल्या हातात राहावं.

त्यांनी कोरड्या दोरीवरून गाठी उतरवल्या. म्हणजे नावेच्या पुढच्या अर्ध्या भागातल्या बरगड्या ओल्या मापाच्या, मागच्या सगळ्या मोठ्या. लाट आली की सांधा उघडेल. पोराची चूक नाही, हे त्याला माझ्या आधी तू सांग. माझ्याने तोंड उघडवेल की नाही कोण जाणे.

या गाडीत जागा नाही. मागून येणाऱ्या गाडीने मी निघतोच.

तुझा भाऊ


ता. १३ फेब्रुवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

तुझे वडील सुखरूप पोचले. मालक आधी खूप बोलला, मग बाह्या सरसावून स्वतःच खिळे उपटायला बसला. मागची अर्धी नाव पुन्हा होणार. बापलेक अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकाच फळीची दोन टोकं धरून आहेत. तूर्त मला तेवढं पुरे. इकडची काळजी तू करू नकोस, ते खातं माझ्याकडे आहे.

काय हवाली झालं ते तुझ्या माहितीसाठी लिहून ठेवते. मापाची सुती दोरी एक, गाठी सगळ्या जागच्या जागी. देणारे तुझे वडील. घेणारे दोघे: एक टोक तुझ्या भावाच्या हातात, दुसरं दोरवाल्याच्या मुलीच्या. सगळ्या किनाऱ्यासमोर. दिली तेव्हा दोरी ओली होती.

तुझी आत्या