आधी सुट्टी, मग संप: लिंडसेच्या लग्नाची हकिगत

क्लेगशॉ,
८ नोव्हेंबर २०११

प्रिय विनी,

तुला आठवतं का, संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाला सकाळची प्रार्थना आटोपली की सिस्टर इग्नेशियस आपल्याला दिवसभराची सुट्टी द्यायच्या, आणि आपण दोघी थेट सरकारी शाळेच्या भिंतीवर जाऊन बसायचो? आत ती बिचारी मुलं पाढे म्हणत असायची आणि बाहेर आपण व्हिनेगरने भिजलेल्या कागदातले चिप्स खात पाय हलवत असायचो. तळाशी राहिलेले करपलेले तुकडे तू मला द्यायचीस, कारण मला तेच आवडतात असं मी एकदा सभ्यपणापोटी म्हटलं होतं. (ते खोटं होतं. पन्नास वर्षं झाली, आता सांगून टाकते.) त्या सुट्टीमुळे देशाचं किती नुकसान झालं, असं आपल्याला कोणी कधी विचारलं नाही. हा प्रश्न मला साठाव्या वर्षी पहिल्यांदा विचारला गेला, आणि तोही तुझ्या नवऱ्याकडून.

तुझा गुडघा कसा आहे? स्पेनच्या उन्हाने तो बरा होईल म्हणून तुम्ही तिकडे राहायला गेलात, आणि आता तू लिहितेस की उतारावरून बाजारात जाताना तो जास्तच दुखतो. क्लिफर्डला म्हणावं टोपी घाल. मागच्या फोटोत त्याचं टक्कल अगदी शिजलेल्या बिटासारखं दिसत होतं. दारातल्या संत्र्याच्या झाडाला या वर्षी तरी फळ धरलं का? मी ठणठणीत आहे. फक्त शेजारच्या बाई रात्रंदिवस टीव्ही मोठ्याने लावतात, त्यामुळे जगातल्या सगळ्या बातम्या मला भिंतीतून कळतात आणि त्यांतल्या निम्म्या मी चुकीच्या ऐकते.

आता मूळ गोष्ट. रविवारी फोनवर क्लिफर्डने मला दोन वाक्यंसुद्धा धड बोलू दिली नाहीत, आणि तू मागे भांडी घासत होतीस हे मला ऐकू येत होतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुझी लेक लिंडसे माझी धर्मकन्या आहे. तिच्या बाप्तिस्म्याला तिला मी हातात धरलं होतं, आणि त्याच दिवशी ठरवलं होतं की हिच्या लग्नाची नोंद नोंदवहीत मी माझ्या हाताने करीन. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, स्टुअर्टचा, आधी घटस्फोट झालेला असल्यामुळे चर्चमध्ये लग्न होणार नाही, हे कळल्यावर तू रडलीस. मी तुझ्याबरोबर रडले खरी, पण मनातून मला थोडा आनंदही झाला. (हेही आजच सांगते आहे.) चर्चमधलं लग्न पाद्री लिहितात. नोंदणी कचेरीतलं लग्न लिहायला मी असते.

पहिली तारीख तुला पाठच असेल, एप्रिलच्या एकोणतीस तारखेचा शुक्रवार. ती मीच गेल्या वर्षी ऑक्टोबरात वहीत लिहिली होती. हॉल ठरला, केक सांगून झाला, आणि महिन्याभरात राजवाड्यातून जाहीर झालं की राजपुत्राचं लग्नही त्याच शुक्रवारी आहे, म्हणून देशभर एक जादा सुट्टी. सुट्टीच्या दिवशी आमच्या कचेरीला कुलूप. तेव्हा लिंडसेला फोन करून मला सांगावं लागलं की बाळ, त्या दिवशी दुसऱ्या कोणाचं तरी लग्न असल्यामुळे तुझं लग्न रद्द झालं आहे. आणि विनी, कोणी म्हणजे कोणी चिडलं नाही! लिंडसे म्हणाली, "जाऊ दे, आंटी, निदान पोशाख तरी बघायला मिळेल." क्लिफर्डने तुमच्या बाल्कनीला कागदी झेंड्यांची माळ लावली आणि टीव्हीपुढे बसून दिवसभर सँडविच खाल्ली, हे तूच मला लिहिलं होतंस. या वर्षी ईस्टर उशिरा आला होता, त्यामुळे मध्ये तीन दिवसांची रजा टाकून लोकांनी सलग अकरा दिवस घरी काढले. आमच्याकडे कचऱ्याचे डबे भरून वाहिले. मेलेल्या माणसांची नोंद पाच दिवसांत करावी लागते, त्यांचे नातेवाईक मंगळवारी जिन्यापर्यंत रांग लावून उभे होते. आमचे वरिष्ठ ओपनशॉसाहेब सुट्टीच्या आदल्या दिवशी डोक्यावर कागदी मुकुट घालून कचेरीत फिरले आणि म्हणाले, एक दिवस कचेरी बंद राहिली की कर्मचाऱ्यांच्या मनाला केवढी उभारी येते!

दुसरी तारीख लिंडसेने निवडली. तीस नोव्हेंबर, बुधवार, दुपारी दोन. आठवड्याच्या मध्ये हॉल स्वस्त पडतो आणि त्या दिवशी स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूचा सण असतो, त्यामुळे स्टुअर्टची स्कॉटिश आई खूश. तीही मीच वहीत लिहिली. पुढची चूक पूर्णपणे माझी आहे, ती मी कोणावर ढकलत नाही. युनियनची संपाबद्दलची मतपत्रिका घरी आली. आमचं पेन्शन बदलणार आहेत हे तुला ठाऊक आहे: दर महिन्याला जास्त भरायचं, जास्त वर्षं काम करायचं आणि शेवटी हातात कमी घ्यायचं. चौतीस वर्षांत मी कधी संप केला नाही. शाळेत तर शिंकायलासुद्धा मी हात वर करायचे. पण तो कागद वाचून माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. मी 'हो'वर अशी जोरात फुली मारली की ती टेबलक्लॉथवर उमटली. संपाच्या तारखेबद्दल भिंतीपलीकडून काहीतरी ऐकलं होतं, पण मी ते वीस नोव्हेंबर असं ऐकलं. (वीस तारखेला रविवार आहे. रविवारी संप करून काय मिळणार, हा विचार मी केला नाही.) गेल्या आठवड्यात कचेरीतल्या कॅलेंडरवर कोणीतरी लाल शाईने 'संप' लिहिलं, तेव्हा त्याच चौकोनात खाली माझ्या सुंदर कॉन्व्हेंटच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'लिंडसे, २ वाजता'.

ओपनशॉसाहेब त्या दिवसापासून माझ्याशी देवघरातल्या आवाजात बोलतात. एप्रिलमध्ये मनाला उभारी देणारा तोच बंद दिवस नोव्हेंबरमध्ये सगळी व्यवस्था कोसळवणार आहे. युनियनची सूट फक्त मृत्यूंना आहे, म्हणजे दफन अडलं असेल तर येऊन नोंद करायची. लग्न एक दिवस थांबल्याने कोणी मरत नाही, असं युनियनचं म्हणणं. मी खास परवानगी मागितली असती तर मिळालीही असती. मागितली नाही. प्रत्येकाचं त्या दिवशी कुठे ना कुठे काहीतरी असणारच; मी माझ्या लाडक्या पोरीसाठी आत गेले, तर बाहेर थंडीत संपाचा फलक धरून उभ्या राहणाऱ्या आमच्या कचेरीतल्या झाडूवाल्या बाईला मी कोणत्या तोंडाने हात करणार?

अशा अवस्थेत तुझ्या नवऱ्याचा फोन आला. 'कशी आहेस'सुद्धा नाही.

"फिल, तुझा हा संप देशाला पन्नास कोटी पौंडांना पडणार आहे. पेपरात आलंय."

"आणि एप्रिलची सुट्टी केवढ्याला पडली होती?"

"ते वेगळं. ते लग्न होतं."

"मग लिंडसेचं काय आहे, बारसं?"

"सुट्टीत लोक खूश असतात, फिल."

"संपात मीही खूशच असणार आहे, क्लिफर्ड."

(त्याच पेपरात एप्रिलच्या सुट्टीचा आकडाही आला होता आणि तो याच्या कितीतरी पट मोठा होता, पण तो आतल्या पानावर, पाहुण्यांच्या टोप्यांच्या फोटोखाली होता. शिवाय सुट्टीचा मला पगार मिळाला. संपाच्या दिवसाचा कापतात. म्हणजे नुकसानीतला माझा वाटा मी रोख भरते आहे. हे मी त्याला सांगणारच होते, पण त्याने फोन आपटला.)

सोमवारी संध्याकाळी लिंडसे लायब्ररीतून थेट माझ्याकडे आली. कोटसुद्धा काढला नाही. "एकदा सुट्टीने माझं लग्न खाल्लं. आता तू खाणार का, आंटी?" मी म्हटलं, आधी बस. ती उभीच. "माझ्यापेक्षा तुला युनियन जवळची?" विनी, तिचा चेहरा अगदी तुझ्यासारखा होतो गं, हनुवटी थरथरायला लागली की. मी चहा केला, कारण दुसरं काही सुचेना. तिने एक बिस्किट बुडवलं, ते कपात पडलं, आणि त्या कपाकडे बघत ती म्हणाली, "मीपण."

"मीपण काय?"

"मीपण 'हो'वर फुली मारली. त्या दिवशी लायब्ररी बंद आहे."

"म्हणजे तू संपावर राहणार आणि मी मात्र कामावर येऊन तुझं लग्न लावायचं?"

"एवढा विचार नव्हता केला," ती म्हणाली. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला.

तोडगा चहाच्या दुसऱ्या कपात निघाला. कायद्याने लग्न संध्याकाळी सहाच्या आत लागलं पाहिजे, आणि संप मध्यरात्रीपासून सुरू होतो. म्हणून लग्न आदल्या दिवशी, मंगळवारी एकोणतीस तारखेला साडेपाचला. लग्नाची नोटीस वर्षभर चालते, त्यामुळे तिची चिंता नाही. हॉल बुधवारचाच राहील, तो खाजगी क्लबचा आहे. उलट निम्म्या पाहुण्यांना त्या दिवसाची रजा मिळत नव्हती, ते सगळे आता संपामुळे मोकळे आहेत. मीही सकाळी मोर्चाला जाऊन दुपारी दोनला जेवायला हजर. ओपनशॉसाहेबांना विचारलं, तर त्यांनी घड्याळाकडे पाहून उसासा टाकला आणि लग्नाचे शब्द म्हणायला थांबायचं कबूल केलं. त्यांनी म्हणायचं, मी लिहायचं. माझा निश्चय तसूभरही ढळलेला नाही आणि लग्नही मोडलेलं नाही, हे तू क्लिफर्डला सांगशील ना?

सर्वांना प्रेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
फिलोमेना

ता. क. १: तुमचं विमान मंगळवारी रात्री नऊला उतरतं. तोपर्यंत तुमची मुलगी तीन तास लग्न झालेली बाई असेल. लिंडसेने काल रात्री तुमच्या घरी फोन केला तेव्हा क्लिफर्ड तिला म्हणाला, "संपवाल्यांसाठी मी तिकीट एक तासही हलवणार नाही." तेव्हापासून ती जेवलेली नाही. विनी, हे एवढं लांबलचक पत्र मी याच्यासाठी लिहिलं आहे: एक दिवस आधी, सोमवारी ये. वहीत साक्षीदारांच्या दोन ओळी असतात. एकीवर स्टुअर्टची आई सही करील. दुसरी तुझी आहे. आमची शाई लिहिताना फिकट निळी असते आणि वर्षं जातील तशी काळी होत जाते; आपण दोघी गेल्यावर तर ती सगळ्यांत ठळक दिसेल. चौतीस वर्षांत माझ्या अक्षराखाली तुझं नाव कधी आलेलं नाही.

ता. क. २: क्लिफर्डला कसं हलवायचं, त्यावर मी रात्रभर विचार केला आहे. रविवारपासून स्वयंपाकघर बंद ठेव. चहा नाही, रविवारचं भाजलेलं मटण नाही, काही नाही. पण देवाशपथ, त्याला संप म्हणू नकोस; तो लगेच कागद घेऊन नुकसान मांडायला बसेल. सांग, मुलीच्या लग्नानिमित्त घरात जादा सुट्टी जाहीर झाली आहे, आणि सुट्टीतलं जेवण सोमवारपासून क्लेगशॉला मिळेल. चूल तेवढीच थंड असेल, पण सुट्टीला तो कधी नाही म्हणालेला नाही. सोमवारी सकाळी बॅग भरून तुझ्याआधी दारात उभा असेल.

ता. क. ३: येताना काय कोणाला, ते लिहून ठेव, नाहीतर तू सगळं विमानतळावरच वाटून टाकशील. तुझे मोत्यांचे डूल लिंडसेला, पण मंगळवारी सकाळीच दे, संध्याकाळी तू रडत असशील. तिथली बदामाची वडी स्टुअर्टच्या आईला. मऊ बघून आण, तिची कवळी नवीन आहे. मुरंब्याची मोठी बाटली ओपनशॉसाहेबांना, जादा थांबल्याबद्दल. लहान बाटली आमच्या दारात उभ्या राहणाऱ्या झाडूवाल्या बाईला, आणि बरोबर पाव. आणि बुधवारी मी मोर्चातून थेट हॉलवर आले की केक कापेपर्यंत माझा फलक क्लिफर्डच्या हातात दे, अक्षरांची बाजू लोकांकडे करून.