बाटलीवरचं नाव

प्रिय आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी वेळेवर जेवते, तेव्हा उगाच रडत बसू नकोस. बाबा गोळ्या घेतात ना?

हे कामावर गेले की घर खायला उठतं. बाळ जाऊन नऊ दिवस झाले, पण दूध थांबत नाही. त्याला कोण सांगणार? म्हणून रोज दवाखान्यातल्या दूधपेढीत देऊन येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते पाजतात.

काल सवयीने बाटलीवर आपल्या पिल्लाचं नाव लिहिलं, ते तिथेच काचेच्या पेटीत होतं तेव्हा लिहायचे तसं. सिस्टर म्हणाली, "ताई, इथे नुसता नंबर असतो." मी खोडायला गेले, तर तिने माझा हात धरला आणि नावावरच नंबराची चिठ्ठी चिकटवली.

आई, चिठ्ठीखाली नाव तसंच आहे.

तुझीच,
लांबची लेक